पदराला बांधलेली वेस

परत येऊन बरेच दिवस झाले. रत्नागिरीत आमच्या परसातल्या आंब्याला मोहोर आला आहे आणि सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी बरणीच्या तळाशी गेली आहे. मी सावकाश लिहिणारा माणूस. आधी छापखान्यात आणि मग एका मासिकात, दुसऱ्यांच्या मजकुराची मुद्रिते तपासण्यात माझी सारी नोकरी सरली. स्वतःचे असे फारसे लिहिले नाही. हे लिहितो आहे ते ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी, आणि थोडे माझ्यासाठी.

माझी मुलगी मुक्ता काही वर्षे सोलापूर जिल्ह्यात एका संशोधनात काम करत होती. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी वाढतो. त्यातून झटके येतात. कधी आई जाते, कधी मूल, कधी दोघेही. तो का वाढतो हे डॉक्टरांनाही अजून पुरते उमगलेले नाही, पण वेळेत लक्षात आला तर पुष्कळ काही करता येते. मग तो वेळेत लक्षात का येत नाही, हा एक प्रश्न घेऊन मुक्ता गावोगाव फिरत होती. गेल्या पावसाळ्यात ती स्वतः तापाने गेली. तिचे गरोदरपण वगैरे काही नव्हते. साधा वाटणारा ताप होता.

अभ्यास तिच्या सहकाऱ्यांनी पुरा केला. थंडी सुरू होताना डॉक्टर शैलाचा फोन आला. या कामाची ती प्रमुख. म्हणाली, "काका, इंग्रजी अहवाल झालाय. पण मुक्तानं गावांना शब्द दिला होता, जे सापडेल ते परत येऊन सांगेन म्हणून. साध्या मराठीत एक पान लिहून द्याल? आणि जमलं तर वाचायलाही या."

ते एक पान लिहायला मला सबंध महिना लागला. मग मी निघालो.

सोलापूर

घाट चढून गेल्यावर झाडे हळूहळू मागे राहतात आणि आभाळ वाढत जाते. आमच्याकडे आभाळ माडांच्या मधून तुकड्यातुकड्यांनी दिसते. इथे ते सगळे एकदम अंगावर येते. जानेवारीचे ऊन कोरडे, चटके न देणारे. सोलापुरात जुन्या गिरण्यांच्या आसपासच्या एका गल्लीत शैलाचे दोन खोल्यांचे कार्यालय आहे. शेजारी चादरी विणणारे घर. मागाचा खटखटाट दिवसभर चालतो आणि त्यावरून घरातली माणसे एकमेकांशी तेलुगूत मोठ्याने बोलतात. पहिल्या तासाला मला वाटले, भांडण चालले आहे. जेवणाच्या वेळी कळले, आज भाजी काय करायची याची चर्चा होती.

संगीता ही इथली परिचारिका. चाळिशीची, बोलकी, मुक्ताबरोबर सर्व गावे फिरलेली. तिने माझ्यासमोर ताट ठेवले: भरले वांगे, शेंगाचटणी आणि पापडासारखी वाळलेली ज्वारीची कडक भाकरी. आमची तांदळाची भाकरी पदरासारखी मऊ. त्या सवयीने मी ही मोडायला गेलो आणि अर्धा तुकडा उडून शैलाच्या कागदांवर पडला.

"काका, तिच्याशी कुस्ती नाही करायची," संगीता म्हणाली. "कुस्करायची, वर आमटी घालायची, जरा वेळ गप्प बसायचं. ती आपोआप ऐकती."

चटणी ज्या डब्यात होती त्याच्या झाकणावर मुक्ताचे नाव कोरलेले होते. तिच्या आईने कॉलेजच्या पहिल्या वर्षी कोरून घेतले होते ते. माझी नजर तिथे गेलेली संगीताने पाहिली.

"म्याडमचाच डबा. न्यायचा असला तर न्या, काका. नाहीतर राहू द्या इथंच. आम्हाला सवय झालीय त्याची."

मी म्हणालो, राहू दे.

जेवणानंतर तिनेच मला गंगव्वाची गोष्ट सांगितली. (गंगव्वा हे तिचे खरे नाव नाही. इथली सगळीच नावे बदलली आहेत.) दुधनीच्या अलीकडच्या एका गावात मुक्ता पहिल्यांदा गेली तेव्हा या बाईने तिला दारातच अडवले होते. "सगळी येत्यात, सुया टोचत्यात, रगत न्हेत्यात, लिवून न्हेत्यात. परत सांगाय कोन येत न्हाय." त्यावर मुक्ता म्हणाली होती, मी येईन. पहिला शब्द तिने गंगव्वाला दिला आणि मग तोच प्रत्येक गावात देत गेली.

"म्हणजे आपल्याला खरं तिथं पोचायचंय," मी म्हणालो.

"व्हय. पण आधी श्रीपूर. तिथं तुमचं पान वाजवून बघू."

श्रीपूर

साखर कारखान्याच्या गावाला लांबूनच वास येतो. गोड, थोडा आंबूस, घशाशी बसणारा. रस्त्याच्या कडेने उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली होती. बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते आणि गाडीवान उसाच्या मोळीवरच आडवे झाले होते. माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या, म्हणजे चटया आणि वाढे (उसाच्या शेंड्यांचा पाला) यांच्या बसक्या झोपड्या. दुपार कलताना बायका फडावरून परतल्या, हातपाय धुऊन आमच्यासमोर येऊन बसल्या. कोणाच्या मांडीवर मूल, कोणाच्या पोटात.

मी उभा राहून वाचले. पहिले वाक्य मला विशेष आवडलेले होते: 'गर्भारपणातील वाढता रक्तदाब बहुधा निःशब्द पावलांनी येतो.' पुढेही अशीच वाक्ये होती. बायकांनी शांतपणे ऐकून घेतले. संपल्यावर पुढे बसलेली एक उंच बाई म्हणाली, "लई ग्वाड वाचता बरं का आण्णा. कीर्तनाला बसल्यागत वाटलं."

मी खूश झालो.

"पर आमी करायचं काय, ते कुटं आलं ह्यात?"

"दुसऱ्या पानावर आसंल की," मागून कोणी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. दुसरे पान नव्हतेच.

पायांना सूज आली तर दुर्लक्ष करू नये, असे मी लिहिले होते. तेही मी पुन्हा वाचून दाखवले. उंच बाईने आपले पाय पुढे केले. "ही बगा सूज. मला कुटं दिवस गेल्यात? दिसभर वाकून तोडलं तर बाप्याच्या पायालाबी येती. त्यास्नीबी तपासायचं का?"

तपासणीचे कार्ड कोणाकडे आहे, असे शैलाने विचारले. बहुतेकींची कार्डे गावाकडे पेटीत होती. गावातल्या दवाखान्याला वाटत होते, कारखान्यावर कोणी बघत असेल. इथे कोणाला काही माहीतच नव्हते.

परतताना जीपमध्ये मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. संगीता म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका काका. म्याडमचंही पहिल्यांदा असंच झालं होतं. 'सूज आहे का' विचारलं की सगळ्या 'आहे' म्हणायच्या. त्यातनं काही निवडताच येईना. मग त्यांनी प्रश्नच बदलला. बांगड्या मनगटावर फिरतात का? सकाळी उठल्यावर डोळे उघडायला जड जातात का?"

"पायाची सूज वेगळी," गाडी चालवता चालवता शैलाने समजावले. "हाताला आणि तोंडाला एकदम आली तर कान टवकारायचे. त्यानं आजार ठरत नाही हं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघावाच लागतो. पण बांगडी अडली की बाई स्वतःहून तपासायला येते. मुक्ताचं ते खरं काम."

मुक्ता घरी फोनवर कामाबद्दल फारसे बोलत नसे. मी विचारायचो, ती म्हणायची, "बांगड्या मोजतेय, बाबा." मला तो विनोद वाटत असे. मांडीवर पान ठेवून मी 'निःशब्द पावलांनी' खोडले. गाडी हलत होती म्हणून रेघ वाकडी आली.

दुधनीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट ओलांडून पुढे गेलो. काळी जमीन, ज्वारी कमरेच्या वर, मधूनमधून तुरीचे पट्टे. एका शेतात शैलाच्या ओळखीच्यांनी हुरडा भाजून दिला. कोवळी कणसे निखाऱ्यात भाजून, तळहातावर चोळून गरम दाणे पुढे करतात, सोबत चटणी आणि गूळ. तळहात भाजतात आणि खाणे थांबवताही येत नाही. आमच्याकडे फणसाचे गरे असे हातोहात संपतात, पण त्यात आग नसते. इथे मराठी बोलता बोलता माणसे सहज कानडीत शिरतात आणि परत येतात, शेजारच्या घरात जाऊन यावे तशी.

गंगव्वाचे घर गावाच्या टोकाला, अंगणात कडुनिंब. ती साठीची, बुटकी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला पाहून म्हणाली, "बर्री, बर्री. या की. म्याडमचे वडील न्हवं? येवडे लांबनं?" आणि मग, "ती आली न्हाय, पर तुमाला धाडलं. शब्दाची पक्की पोर."

अंगणात बायका जमत होत्या. तिची सून भाग्यश्री पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पहिलटकरीण, विशीतली. नवरा पुण्याला कारखान्यात कामाला. तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून वर भरलेला हिरवा चुडा होता. मी पेला घेतला तेव्हा माझ्या लक्षात काही आले नाही. संगीताने मात्र तिचे मनगट हातात घेतले, कौतुक करायला घ्यावे तसे.

"लई झ्याक चुडा की. कवा भरला?"

"डोहाळजेवणाला."

"आणि आता फिरंना होय गं?"

"अंगावर आलीया," गंगव्वाने अभिमानाने सांगितले. "आली तवा काडी हुती. आमच्या घरचं खानं मानवलं."

संगीता आणि शैलाने एकमेकींकडे पाहिले. दोघी भाग्यश्रीला आत घेऊन गेल्या. पट्ट्यात हवा भरल्याचा फुस्फुस आवाज अंगणापर्यंत आला, थांबला, बऱ्याच वेळाने पुन्हा आला. शैला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला. मुक्ताच्या वेळी डॉक्टरांचा असाच झाला होता.

"अव्वा, हिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायला हवं. रक्तदाब फार वाढलाय. झटका आला तर दोघांच्याही जिवाला धोका आहे."

गंगव्वाने डोळे बारीक केले. "आठवा लागलाय तिला."

"म्हणूनच."

"म्हनूनच न्हाय. आठव्यात पोरीला पाठवत न्हाईत. वेस वलांडायची न्हाय. सातव्यात म्हायेरी पाठवनार हुते, तिकडं भावकीत सुतक पडलं, ऱ्हायलं. आता नववा लागू द्या, मीच पाठवते."

हळूहळू सगळे उलगडले. भाग्यश्रीचे माहेर कर्नाटकातले. सातव्यात ती जाणार असे गावात सगळ्यांना माहीत होते, म्हणून घरोघर फिरणाऱ्या आशाताईने ती गेलीच असे धरले होते. माहेरच्या दवाखान्यात तिचे नाव अजून लागलेले नव्हते. मधल्या सगळ्या आठवड्यांत तिच्या दंडाला कोणी पट्टा बांधला नव्हता. माझ्या खिशातल्या पानावर नेमके हेच होते. मुक्ताला आणि शैलाला जे सापडले ते हेच: सासर आणि माहेर यांच्या मधल्या आठवड्यांत बाई कोणाचीच नसते. मी ते वाचायला आलो होतो आणि ते माझ्यासमोर तांब्या घेऊन उभे होते.

आठव्यात पाठवायचे नाही, हे आमच्याकडेही आहे. मुक्ताच्या वेळी तिच्या आईला आम्ही सातव्यातच माहेरी पोचवले होते आणि त्यामागे काय आहे असे मी कधी विचारले नव्हते. बैलगाडीच्या रस्त्यांच्या काळात तो नियम कोणी काळजीनेच केला असेल. गंगव्वाही काळजीनेच बोलत होती. म्हणून तिच्याशी वाद घालणे अवघड होते.

शैलाने बॅगेतली एक गोळी भाग्यश्रीला दिली. "ही रस्त्यापुरती आहे, अव्वा. इथं बसून राहण्यापुरती नाही."

"मग आजून चार द्या की."

भाग्यश्रीच्या नवऱ्याला फोन लावला. पलीकडून यंत्रांचा आवाज आणि त्यातून त्याचा: "अव्वा म्हणंल तसं."

तेव्हा उंबऱ्यात बसलेली भाग्यश्री खालच्या मानेने बोलली. "अत्ती, सकाळपास्नं माझ्या डोळ्यापुडं काजवं चमकायलेत. डोकं तर कालपास्नं ठनकतंय."

"मग बोलली का न्हाईस?"

"पाव्हणे येनार हुते. तुमी सैपाकाच्या गडबडीत हुता."

गंगव्वा येऊन कडुनिंबाखाली माझ्या शेजारी बसली. शैला दाराशी उभी होती. गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"आण्णा," गंगव्वा म्हणाली, "तुमच्या लेकीला दवाखान्यात न्हेलं हुतं का?"

"हो."

"मोट्या?"

"मोठ्याच. डॉक्टर चांगले होते. होतं तेवढं सगळं केलं."

"सगळं करूनबी गेली."

"हो."

हे बोललो आणि वाटले, आपण घात केला. शैलाने डोळे मिटून घेतले होते. दुसरे काही उत्तर देता आले असते. पण मुक्ताबद्दल खोटे बोलायला जीभ वळली नाही.

गंगव्वाने समोरची माती पायाच्या अंगठ्याने उकरली. मग म्हणाली, "सगळं करूनबी येकांदी जाती. मग मी हातावर हात ठिवून बसले आन् हिचं काय झालं, तर मी कुटं बसू वो? ह्याच झाडाखाली बसू?"

ती उठली. "भागे, घोंगडं घे. लुगडं ऱ्हाऊ दे, मी घेते." मग शैलाकडे वळून, जणू शैलाच आडवी आली होती अशा आवाजात, "आठव्यात पाठवायची न्हाय म्हनत्यात न्हवं? मी पाठवतच न्हाय तिला. मी संगट घिऊन जाते. सासू संगट असली म्हंजी घरच संगट आलं. घर सोडून कुटं गेलीया ती?"

"अव्वा," संगीता म्हणाली, "हे आधी का नाही सुचलं?"

"तू सुचवायचं हुतंस की. पगार कशाचा घेतीस?"

भाग्यश्रीला मागच्या बाकावर डाव्या कुशीवर निजवले, डोके संगीताच्या मांडीवर. गंगव्वा तिच्या पायाशी खाली बसली. मी पुढे. गावाच्या वेशीवर मारुतीच्या देवळापाशी गंगव्वाने गाडी थांबवायला लावली. शैलाच्या तोंडून "अव्वा, आता काय?" निघते तोवर ती उतरलीही होती. ओटा जिथे संपतो तिथे वाकून तिने चिमूटभर माती घेतली, पदराच्या टोकाला बांधली, गाठ दाताने आवळली आणि परत येऊन बसली.

"चला. आता वेसबी संगट हाय."

रस्ताभर ती सुनेशी कानडीत हळू हळू काही बोलत होती. मला एक शब्द कळला नाही. भाग्यश्री अधूनमधून "हूं" म्हणायची. ते "हूं" ऐकू आले की शैलाचे खांदे किंचित खाली यायचे. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय होते ते मी पाहिलेले नाही, तेव्हा इथे वर्णन देत नाही.

सोलापूर, पुन्हा

सकाळी इस्पितळात गेलो. व्हरांड्यात नातेवाइकांची गर्दी. कोणी दात घासत होते, कोणी डबे उघडत होते, मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी सगळे एकाच वेळी. खांबाला टेकून गंगव्वा भाकरी खात होती. भाग्यश्रीला झटका आलेला नव्हता. रक्तदाब उतरतो आहे, पण बाळाला अजून काही दिवस पोटात ठेवता येईल का ते आजच सांगता येणार नाही, असे शैलाने कळवले होते. गंगव्वाने तेच मला सांगितले, आणि पुढे म्हणाली, "ऊटा आत्री? जेवलात का?" नाही म्हणायच्या आत अर्धी भाकरी माझ्या हातात होती. मऊ होती.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "कालचं वाचायचं ऱ्हायलंच की वो. वाचा आता."

मी पान काढले. खाडाखोडीने ते एखाद्या पहिल्या मुद्रितासारखे दिसत होते. मी बसून, हळू आवाजात वाचले. बांगडी फिरेनाशी झाली, डोके ठणकले, डोळ्यांपुढे चमकले तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. सासरहून माहेरी जाताना तपासणीचे कार्ड बरोबर न्या. जाणे लांबले तर आशाताईला तसे सांगा. शेजारच्या दोन-तीन बायकाही ऐकू लागल्या होत्या. वाचून झाले तेव्हा गंगव्वाने मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही.

"काय राहिलं?" मी विचारले.

"आठव्याचं कुटं आलं? बाया तितंच आडणार. मी आडलेच की."

"मग काय लिहू?"

तिने पदराची गाठ चाचपली. "लिवा. आठव्यात पाठवायची नसंल तर पाठवू नगा. संगट जावा."

मी खिशातून पेन काढून ते तसेच लिहिले. बोलीचे शब्द प्रमाण करण्याची माझी जुनी सवय; इथे हात थांबला. आता ते पान छापून गावागावांत गेले आहे. त्याच्या तळाशी मुक्ताचे नाव आहे आणि शेवटची ओळ गंगव्वाची आहे.

निघण्याआधी मी तिला विचारले, ही माती आता कुठे टाकणार. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मीच काही खुळ्यासारखे बोललो होतो.

"टाकत्यात व्हय? दोगी वेशीच्या आत आल्या की सोडते."

दोघी म्हणजे कोण, ते मी तेव्हा विचारले नाही. भाग्यश्रीला मुलगी झाली, हे मला इथे घरी परत आल्यावर कळले. वजन फार कमी होते आणि तिला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी संगीताच्या फोनची वाट पाहत असे, मुक्ताच्या फोनची पाहायचो तशी, त्याच खुर्चीत.

काल फोन आला. संगीताने एकच सांगितले: मारुतीच्या देवळापाशी गाडी थांबवून गंगव्वाने गाठ सोडली.